लांब विजार

12 जून 1964 रोजी प्रिटोरियाच्या न्यायालयाने नेल्सन मंडेला आणि त्यांच्या सात सहकाऱ्यांना जन्मठेपेची शिक्षा फर्मावली. त्यांपैकी सात जणांची रवानगी केपटाऊनजवळच्या रॉबेन बेटावर झाली. आठवे, डेनिस गोल्डबर्ग, गोरे असल्यामुळे प्रिटोरियातच गोऱ्यांच्या तुरुंगात ठेवले गेले, कारण एकाच खटल्यात फासाच्या छायेत शेजारी शेजारी उभे राहिलेल्या माणसांनी कैद तरी एका छपराखाली भोगावी, हेही त्या राज्याच्या कायद्याला मंजूर नव्हते. बेटावर कैद्यांना कपडे वाटण्यात आले. मंडेला तेव्हा 45 वर्षांचे होते, वॉल्टर सिसुलू 52 वर्षांचे आणि गोव्हन म्बेकी 53 वर्षांचे. या प्रौढ, मुलाबाळांच्या धन्यांच्या हाती आखूड चड्ड्या पडल्या. त्या सातांत वयाने सर्वांत लहान होते अहमद कथराडा. ते 34 वर्षांचे होते, आणि त्यांना मात्र लांब विजार आणि पायमोजे मिळाले.

कारण एवढेच, की कथराडांचे आईवडील सुरतेकडचे होते. तुरुंगाच्या नियमावलीत हिंदी कैदी आफ्रिकी कैद्याच्या एक पायरी वर होता. गोऱ्यांच्या घरी राबणारा काळा नोकर केस पिकले तरी ‘बॉय’च राहत असे, आणि पोराने पोराचेच कपडे घालावेत, हा त्या चड्डीचा अर्थ मंडेला पहिल्याच दिवशी समजले. शिध्यातही हीच उतरंड होती. हिंदी आणि मिश्रवर्णीय कैद्यांच्या वाट्याला पाव येई. आफ्रिकी कैद्यांना पाव नव्हता, मक्याचेच नाना प्रकार होते. कथराडांना अन्यायाची ओळख तुरुंगात नव्याने करून घ्यावी लागली नव्हती. ज्या लहानशा गावी ते जन्मले तेथे हिंदी मुलाला शाळाच नव्हती, म्हणून आठव्या वर्षी त्यांना आईपासून दूर जोहान्सबर्गला धाडावे लागले. आणि 17 वर्षांचे असताना, 1946 च्या सत्याग्रहात, त्यांनी पहिला तुरुंगवास भोगला होता. असा मनुष्य, जो स्वतः वर्णभेदाचा बळी होता, तोच त्या सकाळी वर्णभेदाचा लाभधारकही ठरला, आणि तो लाभ त्याच्या अंगावर सर्वांना दिसेल असा चढवण्यात आला.

माझे मन या प्रसंगापाशी वारंवार जाते, त्याचे कारण मी सांगतो. वर्णभेद म्हटला की आपण हिंदी लोक स्वतःला स्वाभाविकपणे पीडितांच्या रांगेत उभे करतो. त्याला आधारही आहे. पीटरमॅरिट्झबर्गच्या स्थानकावर गाडीतून उतरवलेला बॅरिस्टर आपला होता, आणि वर्णद्वेषाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी व्यापारसंबंध तोडणारा पहिला देश, 1946 साली, आपला होता. हा अभिमान मीही लहानपणापासून बाळगला. परंतु रांगेत आपल्या मागेही कोणी उभे आहे, आणि त्याच्यापेक्षा आपल्या अंगावरचे कापड वीतभर लांब आहे, हे पाहण्यासाठी मान मागे वळवावी लागते. ती मी फार उशिरा वळवली.

चार वर्षांपूर्वी पुण्यात, आमच्या इमारतीतील दुसऱ्या मजल्यावरची जागा तिच्या मालकाने टांझानियातून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याला भाड्याने देण्याचे ठरवले. विद्यार्थी दलालाबरोबर जागा पाहायला आला, तेव्हा मी भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होतो. तो भिंतीला लागून उभा राहिला, मला वाट दिली आणि स्पष्ट मराठीत म्हणाला, ‘नमस्कार काका.’ मी मान हलवली. पुढच्या रविवारी सोसायटीची सभा भरली. कोणी म्हणाले, रात्री-अपरात्री येणेजाणे होईल. कोणी म्हणाले, घरात मुली आहेत. त्या मुलाविषयी एकही माहिती कोणापाशी नव्हती आणि ती मिळवण्याची गरजही कोणाला वाटली नाही. ‘परदेशी विद्यार्थ्यांस जागा भाड्याने देऊ नये’ असा ठराव झाला. त्या वेळी चौथ्या मजल्यावर जर्मनीहून संशोधनासाठी आलेले एक जोडपे राहत होते. हा ठराव त्यांनाही लागू होतो, हे तेथे बसलेल्या कोणाच्याही मनात आले नाही. मी गप्प बसलो. सभेचे इतिवृत्त फिरत माझ्यापुढे आले, त्यावर ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहिले होते, आणि मी त्याखाली सही केली.

त्या रात्री मला माझी स्वतःची जागा आठवली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी या शहरात आलो, तेव्हा सदाशिव पेठेतल्या घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला होता: आडनाव काय? मी ते सांगितले आणि त्यांनी कोनाड्यातली किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. माझ्याच कचेरीतला माझा एक मित्र, माझ्याइतक्याच पगाराचा आणि माझ्याहून अधिक टापटिपीचा, त्याच पेठेत महिनाभर हिंडला आणि शेवटी गावाबाहेर राहायला गेला. मला किल्ली मिळाली ती माझ्या सज्जनपणामुळे, अशी माझी इतकी वर्षे प्रामाणिक समजूत होती. माझी लांब विजार तीच होती. आणि ती जन्मापासून अंगावर असल्यामुळे मला ती माझी कातडीच वाटत आली होती.

हे उमगल्यावर पुढे काय करावे, हा खरा बिकट प्रश्न आहे, आणि येथे कथराडांचे उदाहरण मला पुन्हा उपयोगी पडते. ज्येष्ठांनी आखूड चड्डीत कुडकुडावे आणि आपण लांब विजार घालावी, याची त्यांना लाज वाटली आणि या सवलती सोडून द्याव्यात असे त्यांच्या मनात आले. ज्येष्ठांनीच त्यांना थांबवले. मिळाले आहे ते सोडू नकोस, त्याने तुरुंगाधिकाऱ्यांचे कापड आणि पाव वाचेल, आमच्या पदरात काही पडणार नाही. समता मागायची ती वरच्या पायरीवर मागू, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अर्ज, तक्रारी, उपोषणे यांत वर्षे गेली. विजारी पुष्कळ आधी मिळाल्या. शिधा मात्र सर्व वर्णांना सारखा व्हायला 1979 साल उजाडावे लागले.

पण प्रत्येक सवलत अशी ठेवून घेण्याजोगी नसते. 1984 साली प्रिटोरियाच्या सरकारने हिंदी आणि मिश्रवर्णीयांना संसदेत स्वतंत्र सभागृहे देऊ केली आणि आफ्रिकी बहुसंख्यांना काहीच दिले नाही. ही लांब विजार एका संपूर्ण समाजाला देण्यात आली होती. त्या निवडणुकीत हिंदी आणि मिश्रवर्णीय मतदारांपैकी बहुसंख्य लोक मतदानाला गेलेच नाहीत. पाव ही माणसाची गरज आहे, ती सर्वांसाठी मागता येते. ती सभागृहे मात्र शेजाऱ्याला बाहेर ठेवल्याचे बक्षीस होती, आणि असले बक्षीस हातात धरून त्याच्या हक्कासाठी भांडता येत नाही. हा विवेक त्या सामान्य मतदारांनी दाखवला, याबद्दल मला त्यांच्याविषयी नितांत आदर वाटतो.

माझे घर ही माझी गरज आहे. ते सोडून मी कोणाचेच भले करणार नाही. पण दुसऱ्याला दाराबाहेर ठेवण्याचा जो अधिकार त्या ठरावाने मला दिला, तो माझ्याकडे असू नये. तो विद्यार्थी आता कोठे आहे हे मला ठाऊक नाही; त्याला मी माझे म्हणणे सांगू शकत नाही, आणि मला क्षमा करण्याचे ओझे त्याच्यावर टाकण्याचा मला अधिकारही नाही. ठराव मात्र सोसायटीच्या दप्तरात आजही आहे आणि त्याखाली माझी सही आहे. तो रद्द करावा, असा लेखी अर्ज मी गेल्या सोमवारी सचिवांच्या हाती दिला आणि त्याची पोच घेतली. तीन सभासदांनी त्यावर माझ्याबरोबर सह्या केल्या आहेत. बाकीच्यांच्या घरी मी रोज संध्याकाळी जातो आहे. सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आहे.