जुना पाळणा, नवे बाळ

कोल्हापूरच्या गुजरीत जुना दागिना मोडीत आला, की सराफ आधी त्याचे वजन करतो, कसोटीवर घासतो आणि मगच भाव सांगतो. दागिना आणणारा मेहुणा असो वा व्याही, कसोटी टळत नाही. आणि त्यात कोणी अपमानही मानत नाही. परंतु त्याच घरात नातवंड जन्मले आणि आप्तेष्टांकडून पाळणा, बाबागाडी, वॉकर येऊ लागले, की ही पारख दुकानातच राहून जाते. ‘आमची दोन्ही मुलं यातच वाढली, काही झालं नाही,’ एवढ्या हमीवर वस्तू घरात येते.

जुनी वस्तू घेण्यात कमीपणा मुळीच नाही. बाळाची बहुतेक साधने काही महिन्यांतच अपुरी पडतात. प्रत्येक वेळी नवे घेणे व्यवहाराला धरून नाही. वस्तू जुनी असण्याला हरकत नाही, ती न पारखता घेण्याला आहे.

प्रारंभ पाळण्यापासून करावा. त्याच्या दोन गजांमधील अंतर ६ सें.मी.हून अधिक नसावे. रुंद फटीतून बाळाचे अंग बाहेर सरकते आणि डोके मात्र अडकते. कड्या व साखळ्या झिजल्या आहेत का, हे उजेडात पाहावे. नंतर पाळण्यात दहा किलो तांदळाची पिशवी ठेवून झोका द्यावा. करकर ऐकू आली, तर सुताराला दाखविल्याखेरीज त्यात बाळ घालू नये. गादी घट्ट असावी व कडेला दोन बोटांहून जास्त जागा राहू नये. एक बाजू खाली सरकणारे बाळाचे पलंग अमेरिकेत अनेक अर्भके दगावल्यानंतर जून २०११ पासून विक्रीतून बाद झाले; तेथे ते जुने म्हणून विकण्यासही बंदी आहे. असा पलंग कोणी प्रेमाने देऊ केला, तरी घेऊ नये.

रंगाचाही विचार हवा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वी रंगविलेल्या पाळण्यात शिसे असू शकते, आणि दात येऊ लागलेले बाळ नेमकी पाळण्याची कड चावते. रंगाचे पोपडे निघत असतील, तर पाळणा नाकारावा. घरात पॉलिश पेपरने तो घासणे त्याहून वाईट, कारण ती धूळ सर्वांच्याच श्वासात जाते.

खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले आहे. सोन्याच्या हॉलमार्कमागे जो भारतीय मानक ब्यूरो आहे, तोच या चिन्हामागेही आहे. त्याआधीच्या खेळण्यांवर हे चिन्ह नसेल, तर परीक्षा घरीच करावी. दहा रुपयांच्या नाण्याहून किंचित मोठ्या, सुमारे ३.२ सें.मी. व्यासाच्या नळीत जो तुकडा मावतो, तो तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतो. हीच कसोटी हुपरीच्या चांदीच्या जुन्या वाळ्यांनाही लावावी. त्यांचे सैल झालेले घुंगरू सोनाराकडून पक्के करून घ्यावे. बटनासारखा चपटा सेल असलेल्या खेळण्याचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर ते बाळाच्या हाती देऊच नये. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो.

चाके लावलेल्या वॉकरविषयी मतभेदाला जागा उरलेली नाही. पायऱ्यांवरून कोसळून होणाऱ्या इजांमुळे कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, आणि त्यातून जुना मालही सुटला नाही. आपला पांगुळगाडा वेगळा. त्यात मूल बसत नाही, स्वतःच्या पायांवर उभे राहून तो ढकलते. तरीही जिन्याजवळ तोही नकोच.

मोटारीतील बालआसन मात्र अनोळखी व्यक्तीकडून घेऊ नये. अपघातात सापडलेले आसन बाहेरून धडधाकट दिसते, पण आतून तडकलेले असू शकते. त्यावरील उत्पादनाची तारीख, पट्टे आणि माहितीपत्रक यांपैकी एकही बाब संशयास्पद असेल, तर सौदा सोडावा. १४ वर्षांखालील मुलाला पट्टा वा बालआसन नसल्यास मोटार वाहन कायद्यानुसार १,००० रुपये दंड आहे. परंतु दंड भरून सुटका होते, इजा भरून निघतेच असे नाही. दुचाकीवर चार वर्षांखालील मुलासाठी सुरक्षापट्टा व हेल्मेट सक्तीचे आहे. उसवलेला पट्टा शिवून वापरणे, ही काटकसर नव्हे.

दूध पाजण्याच्या बाटल्या व बोंडले नवीच घ्यावीत. कपडे, दुपटी आणि पुस्तके निःशंकपणे जुनी घ्यावीत. कपड्यांची बटने व नाड्या तेवढ्या तपासाव्यात.

शेवटी, देणाऱ्याची जबाबदारी. तपासणीत नापास झालेला वॉकर पुष्कळदा दुकानातील कामगाराच्या घरी ‘दान’ म्हणून पोहोचतो. नातवासाठी जो माल खोटा ठरला, तो हमालाच्या लेकरासाठी खरा ठरत नाही. असा वॉकर मोडूनच भंगारात द्यावा. आणि त्या लेकरासाठी काही द्यायचे असेल, तर पारखून निवडलेले द्यावे.