दिव्यांगाला ‘पगार’ मिळतो, पण सांभाळणाऱ्या बाईचा बुडालेला रोज कोण मोजणार?

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की आणखी एका माणसाचा रोज बुडतो. बहुतेक घरांत ते दुसरं माणूस म्हणजे आई, बायको नाहीतर सून. सोयाबीनची काढणी असो की कापसाची वेचणी, तिला घर सोडता येत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर पाहणीनुसार, १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बाया घरातल्या माणसांची देखभाल करतात. लेकरं, म्हातारी, आजारी सगळी धरून त्यात त्यांची दिवसाला १४० मिनिटं जातात. पुरुष २१ टक्के, आणि वेळ ७४ मिनिटं.

आता सरकारी मदत बघू. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. चांगलंच झालं. पण हा पैसा दिव्यांगाचा. औषध, गाडीभाडं यातच तो संपतो. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये सांभाळणारीला मिळत असतील, तर ते बाई म्हणून मिळतात, सेवेचे नाही. तिनं ६५ ओलांडली की तेही बंद. सांभाळणारा बाप किंवा भाऊ असेल तर त्याला त्यात जागाच नाही.

खरं तर कायद्यात या माणसाची नोंद आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ‘काळजीवाहक’ म्हणजे कोण हे लिहिलंय. त्यात आईबाप आणि घरचे लोक येतात, पैसे न घेता सांभाळणारेसुद्धा. कलम २४ मध्ये जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. अडचण एका शब्दात आहे: सरकारच्या ‘आर्थिक क्षमतेनुसार’. त्या शब्दाआड भत्ता मागे पडतो.

केरळमध्ये ‘आश्वासकिरणम्’ योजनेत सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये ठरवले आहेत. रक्कम तुटपुंजीच, पण सांभाळणं हे काम आहे, एवढं त्या सरकारनं मान्य केलं.

तोवर गावात काय करता येईल? दिव्यांगाचं यूडीआयडी कार्ड आधी काढून घ्यावं. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल, तर कलम ३८ खाली जास्त आधारासाठी अर्ज करता येतो. घरचं माणूसही त्याच्या वतीनं करू शकतं. मतिमंद, सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम किंवा बहुविकलांग असलेल्यांसाठी ‘निरामय’ हा १ लाखाचा आरोग्य विमा आहे. आणि ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. तो कुठं गेला, हे ग्रामसभेत विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

अडचण एवढीच, की ग्रामसभेला जायचं तर त्या बाईला घरी कुणीतरी बसवावं लागतं.