पंगतीत पान कोणाचे?

गेल्या हिवाळ्यात आमचा एक माजी विद्यार्थी बऱ्याच वर्षांनी शाळा पाहावयास आला होता. तो आता सहकुटुंब अमेरिकेत असतो. मैदानाच्या कडेला, लिंबाखाली बसून बोलताना त्याने आपल्या मुलीची हकीगत सांगितली. ती तेथील एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संघात खेळते. पूर्वी सामन्यांना बसने दोन-तीन तासांत पोहोचता येई. विद्यापीठाने आपली क्रीडासंघटना बदलली आणि मुलीच्या वाट्याला विमानप्रवास आला. गृहपाठ विमानतळावरच्या बाकावर होऊ लागला. त्याने आम्हांस विचारले, "सर, कोणत्या कॉलेजाला कोणाच्या पंगतीत बसवायचं, हे ठरवतं तरी कोण?"

प्रश्न इतिहासाच्या शिक्षकाला विचारला गेला असल्यामुळे उत्तरही इतिहासाच्या वाटेनेच शोधणे आम्हांस भाग होते. त्या शोधातून जे हाती आले, ते येथे मांडीत आहोत. विषय दूरदेशीचा असला तरी 'पात्र कोण' हा प्रश्न आमच्या वाचकांना नवा नाही.

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांचे सामने 'कॉन्फरन्स' नावाच्या संघटनांतून होतात. शेजारपाजारच्या संस्थांनी एकत्र यावे, समान नियम करावेत, दरवर्षी परस्परांशी खेळावे, असा त्यांचा मूळ हेतू. आज 'बिग टेन' म्हणून ओळखली जाणारी संघटना १८९६ साली मध्य-पश्चिमेतील विद्यापीठांनी स्थापन केली. पॅसिफिक किनाऱ्यावरील संस्थांची संघटना १९१५ साली उभी राहिली. अग्नेयेकडील राज्यांतील विद्यापीठांची 'साउथईस्टर्न कॉन्फरन्स' १९३२ सालची. नावांतच भूगोल होता. ज्याच्या गावी सकाळी निघून रात्री परतता येते तो आपला प्रतिस्पर्धी, इतका साधा हिशेब त्यामागे होता.

तो हिशेब दूरचित्रवाणीने मोडला. फुटबॉलच्या प्रक्षेपणाचे हक्क विकून येणारा पैसा संघटनेच्या तिजोरीत जमा होतो आणि तेथून सदस्यांना वाटला जातो. म्हणजे सदस्यत्व हा पैशाच्या वाट्याचा हक्क झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये बिग टेनने केलेला प्रक्षेपणाचा करार सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा होता. त्याच्या थोडे आधी, ३० जून रोजी, लॉस एंजेलिस येथील दोन मोठ्या विद्यापीठांनी पॅसिफिक किनारा सोडून बिग टेनमध्ये जाण्याचे जाहीर केले होते. पुढील वर्षी ओरेगन आणि वॉशिंग्टन ही विद्यापीठे त्याच वाटेने गेली. कोलोरॅडो, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा यांनी 'बिग ट्वेल्व्ह' गाठली. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रशांत महासागराच्या काठी आहेत. त्यांना आसरा मिळाला तो 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स'मध्ये, तोही उत्पन्नातील कमी वाटा स्वीकारून. त्याच संघटनेत शिरण्यासाठी डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने नऊ वर्षे प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील वाटा सोडण्याची तयारी दाखविली. पंगतीत बसू द्या, पान रिकामे राहिले तरी चालेल, असाच तो अर्ज होता.

'बिग टेन' या नावाच्या संघटनेत आज अठरा सदस्य आहेत. न्यू जर्सीतील रटगर्सचे विद्यार्थी सुमारे चार हजार किलोमीटर उडून लॉस एंजेलिसला खेळावयास जातात. शंभराहून अधिक वर्षांच्या पॅसिफिक संघटनेत २०२४ साली दोनच संस्था उरल्या : ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. यांपैकी ओरेगन स्टेट ही १९१५ च्या चार संस्थापकांपैकी एक. दोन्ही संस्था लहान गावांत वसलेल्या, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी उभारलेल्या. त्यांनी नियम मोडले नव्हते, की खेळ सोडला नव्हता. त्यांच्या गावांत दूरचित्रवाणी पाहणारी घरे कमी होती, हाच त्यांचा अपराध. पुढे त्या दोघींनी इतर संस्थांना बोलावून संघटना पुन्हा उभारावयास घेतली, ही त्यांच्या जिद्दीची गोष्ट. परंतु त्यामुळे झालेला अन्याय न्याय ठरत नाही.

विस्ताराचे समर्थक तीन कसोट्या सांगतात. एक, खेळातील कामगिरी. दुसरी, विद्येतील प्रतिष्ठा. तिसरी, बाजारपेठ. पहिल्या दोन कसोट्या व्यासपीठावरून सांगितल्या जातात. निर्णय मात्र तिसरीवर होतो, असे इतिहास सांगतो. शिकागो विद्यापीठ हे बिग टेनच्या संस्थापकांपैकी एक. विद्येच्या प्रतिष्ठेत त्याची बरोबरी करणारी विद्यापीठे जगात थोडीच. त्याने १९३९ साली मोठ्या प्रमाणावरील फुटबॉल बंद केला आणि १९४६ साली त्याला संघटनेतून बाहेर पडावे लागले. उलट नेब्रास्काला २०१० साली बोलावले गेले, तेव्हा संशोधन विद्यापीठांच्या प्रतिष्ठित मंडळाचे त्याचे सदस्यत्व ही जमेची बाजू मानली गेली. पुढच्याच वर्षी ते सदस्यत्व गेले. बिग टेनमधील जागा मात्र अबाधित राहिली. कसोटी आत येणाऱ्यासाठी असते, आत बसलेल्यासाठी नसते.

समर्थकांची एक बाजू आम्ही नाकारीत नाही. फुटबॉलच्या पैशावरच पोहणे, कुस्ती, मैदानी खेळ आणि मुलींचे बरेचसे संघ चालतात. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली आहेत. त्यासाठीही पैसा हवा. ज्यांच्या घामावर ही इमारत उभी राहिली त्यांना वाटा मिळू लागला, याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु ज्या मुलींच्या खेळासाठी हा पैसा हवा असे सांगितले जाते, त्याच मुलींचे वर्ग या प्रवासात बुडतात. दिव्यासाठी तेल आणावयाचे आणि त्याच तेलासाठी दिवा गहाण ठेवावयाचा, असा हा व्यवहार आहे.

आता या कथेचा तो भाग, जो आम्हांस सर्वांत जवळचा वाटतो. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याविषयी आस्था व्यक्त केली होती. त्या नात्याने हा इतिहास आमचाही आहे.

गोऱ्यांच्या संघटनांची दारे बंद होती, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांनी दारावर डोके आपटत बसणे नाकारले. १९१२ साली हॅम्प्टन येथे हॅम्प्टन, हॉवर्ड, लिंकन, शॉ आणि व्हर्जिनिया युनियन या संस्थांच्या प्रतिनिधींनी आपली स्वतंत्र संघटना स्थापिली. १९१३ साली दक्षिणेत दुसरी आणि १९२० साली टेक्सासात तिसरी संघटना उभी राहिली. या अंगणांत केवढे खेळाडू घडले! ग्रॅम्ब्लिंगच्या एडी रॉबिन्सन यांनी १९४१ ते १९९७ या काळात एकाच महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाला ४०८ सामने जिंकून दिले. जॉन मॅक्लेंडन यांना कॅन्सस विद्यापीठात बास्केटबॉलचे जनक नेस्मिथ यांच्याकडून शिकता आले, पण कातडीच्या रंगामुळे त्या विद्यापीठाच्या संघातून खेळता आले नाही. त्याच मॅक्लेंडन यांच्या संघाने मार्च १९४४ मध्ये एका रविवारी सकाळी, बंद दारांआड, प्रेक्षकांवाचून, ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेच्या गोऱ्या संघाला ८८–४४ असे हरविले. शहर चर्चमध्ये होते. सामना उघड खेळणे हा त्या राज्यात गुन्हा ठरला असता. पात्रता कोणाची हे त्या दिवशी मैदानावर सिद्ध झाले होते. ते पाहण्याची परवानगी मात्र कोणालाच नव्हती.

पुढे भिंती पडल्या. १९६७ साली साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये पहिले कृष्णवर्णीय खेळाडू फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळले. १९७० साली दक्षिण कॅलिफोर्नियाच्या संघाने सॅम कनिंगहॅमच्या जोरावर अलाबामाला त्यांच्याच भूमीत ४२–२१ असे हरविले, आणि पुढील काळात दक्षिणेतील विद्यापीठे कृष्णवर्णीय खेळाडूंच्या शोधात गावोगाव फिरू लागली. हा विजय होता, याबद्दल शंका नाही. परंतु नीट पाहिले तर असे दिसते की, दार उघडले ते व्यक्तींसाठी. संस्थांसाठी ते उघडलेच नाही. ज्या महाविद्यालयांनी या मुलांना कोणी विचारीत नव्हते तेव्हा घडविले, त्यांपैकी एकालाही आजतागायत कोणत्याही बलाढ्य कॉन्फरन्सचे सदस्यत्व मिळालेले नाही. उत्तम खेळाडू निवडून न्यावयाचे आणि त्यांचे अंगण ओसाड होऊ द्यावयाचे, याला समावेश म्हणता येत नाही.

या ओढीत घरातही ताण पडतात. हॅम्प्टनने २०१८ साली आणि नॉर्थ कॅरोलायना ए अँड टीने २०२१ साली कृष्णवर्णीय संस्थांची 'मिड-ईस्टर्न' संघटना सोडून मिश्र संघटनेत प्रवेश केला. ज्या महाविद्यालयाच्या चार विद्यार्थ्यांनी १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहाच्या टेबलाशी बसून इतिहास घडविला, तेच हे ए अँड टी. त्याने कोठे बसावे हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. 'तुम्ही आपल्यातच राहा' हे वाक्य शत्रूने म्हटले काय किंवा स्वकीयांनी म्हटले काय, ते दावणीचेच वाक्य असते. तथापि, जाणाऱ्याने मागे राहिलेल्यांशी सामने खेळणे थांबवू नये, एवढी अपेक्षा ठेवण्यात अन्याय नाही.

मग पात्र कोण? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांच्याच विद्यापीठात मिळते. कोलंबिया विद्यापीठ, जेथे ते १९१३ ते १९१६ या काळात शिकले, 'आयव्ही लीग' या आठ संस्थांच्या संघटनेचे सदस्य आहे. १९५४ च्या करारानुसार या संघटनेत खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. १९८३ ते १९८८ या काळात कोलंबियाचा फुटबॉल संघ सलग ४४ सामने हरला. 'डिव्हिजन वन' या वरच्या श्रेणीतील त्या काळचा तो पराभवांचा विक्रम होता. देशभर थट्टा झाली. परंतु इतर सात संस्थांनी कोलंबियाला 'तुमची पात्रता संपली' असे सांगितले नाही. ८ ऑक्टोबर १९८८ रोजी कोलंबियाने प्रिन्स्टनला हरविले, तेव्हा त्या पंगतीतील तिचे पान जागच्या जागीच होते.

त्या आठही संस्था श्रीमंत आहेत, जुन्या आहेत, आणि हरणे त्यांना परवडते, हे आम्ही जाणतो. श्रीमंतांनी एकमेकांना सांभाळण्यात मोठेपणा नाही. परंतु तत्त्व शिकण्यासारखे आहे. सदस्यत्व हे हरण्याच्या काळात टिकते तेव्हाच ते सदस्यत्व असते. नाहीतर ती निव्वळ भाडेपट्टी होय.

म्हणून आमच्या कसोट्या अशा : जी संस्था सदस्याच्या इतकी जवळ आहे की खेळाडूचा वर्ग बुडत नाही, जी आपल्या खेळाडूला खेळ संपल्यावर पदवी हातात देऊन घरी पाठविते, आणि जी दुबळ्या सदस्यालाही समान वाटा देण्यास राजी आहे, ती पात्र. या कसोट्यांवर ओरेगन स्टेट पात्र ठरते, ग्रॅम्ब्लिंग पात्र ठरते, आणि आज पंगतीच्या अग्रभागी बसलेल्या काहींना मात्र उत्तर द्यावे लागेल.

आमच्या त्या माजी विद्यार्थ्याला आम्ही एवढेच म्हणालो की, पंगतीत कोणाला बसवायचे हे आत बसलेलेच ठरवतात. म्हणून आत गेलेल्याने आपण कोठून आलो हे विसरू नये. तो काही वेळ गप्प राहिला. मग मैदानावर संध्याकाळचा कबड्डीचा सराव सुरू झाला, तसा उठून मुलांजवळ गेला आणि कपडे झटकून त्यांच्यात खेळला. जाताना त्याने विचारले, "या पोरांना पुढच्या वर्षी बाहेरगावी सामन्यांना न्यायचं, तर किती खर्च येतो?"

या स्मरणिकेच्या वाचकांत आत पोहोचलेले पुष्कळ आहेत. तोच प्रश्न त्यांनीही विचारावा, ही आमची विनंती.