उत्तर बरोबर, पण कशावरून?



शाळेत थोडे तत्त्वज्ञान शिकवावे असे मी म्हटले, तर तुम्हाला हसू येईल. तत्त्वज्ञान म्हणजे आजोबांनी दुपारी वाचायचे जाड पुस्तक, अशीच आपली समजूत असते. त्यातून मी भौतिकशास्त्राचा मास्तर. या माणसाला हे कुठून सुचले, असेही तुम्ही म्हणाल. ते माझ्याच एका चुकीतून सुचले. ती चूक आधी सांगतो.

अकरावीच्या प्रयोगशाळेत लंबकाचा प्रयोग असतो. दोऱ्याला धातूचा छोटा गोळा टांगायचा, तो हलकेच झुलवायचा, वीस आंदोलनांना किती वेळ लागतो ते मोजायचे आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचे. एका विद्यार्थिनीचे उत्तर ९६८ आले. मी वहीकडे नजर टाकली आणि म्हणालो, "चुकलंय. पुन्हा मोज." दहा मिनिटांत ती परत आली. आता उत्तर होते ९८०.४. मी "छान" म्हणून सही केली.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी माझ्याकडे आली. "सर, काल मी पुन्हा मोजलंच नाही. ९८० यायला किती सेकंद हवेत ते उलटं गणित करून काढलं. पण सर, खरं कोणतं? मी मोजलेलं, की पुस्तकातलं?"

मी घाईत होतो. म्हणालो, "परीक्षेत पुस्तकातलं." ती मान हलवून गेली. वर्षभरात तिने मला दुसरा प्रश्न विचारला नाही.

तिने विचारलेला प्रश्न भौतिकशास्त्राचा नव्हता. एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कसे कळते, हा तो प्रश्न. तत्त्वज्ञानाच्या एका मोठ्या शाखेचे सारे कामच या प्रश्नावर चालते. आपल्याकडच्या न्यायदर्शनाने ज्ञान मिळवण्याची चार साधने सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. स्वतः पाहिले ते प्रत्यक्ष. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे आग असणार, हे अनुमान. ओळखीच्या वस्तूशी असलेल्या साम्यावरून अनोळखी वस्तू ओळखणे, हे उपमान. आणि विश्वासू, जाणत्या माणसाने सांगितले म्हणून मानणे, हा शब्द. त्या मुलीपुढे प्रत्यक्ष आणि शब्द यांचे भांडण उभे राहिले होते. ते कसे सोडवावे हे तिला कोणी शिकवले नव्हते, आणि मीही शिकवले नाही.

आता गंमत पाहा. पुस्तकातला ९८० किंवा ९८१ हा आकडा आपल्या महाराष्ट्राचा नाहीच! गुरुत्वत्वरण जागेप्रमाणे थोडे बदलते. आपल्याकडे ते ९७८ ते ९७९ सेंटीमीटर प्रति सेकंद वर्ग यांच्या दरम्यान आहे. म्हणजे आमची मुले जर्नलमध्ये जो आकडा जुळवून आणतात, तो आपल्या जमिनीवर काटेकोरपणे मोजला तर यायलाच नको.

हा फरक कसा कळला? पॅरिसच्या विज्ञान अकादमीने झाँ रिशे नावाच्या निरीक्षकाला दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या केयेन येथे पाठवले होते. १६७२ मध्ये त्याच्या ध्यानात आले, की पॅरिसला बरोबर चालणारे लंबकाचे घड्याळ इथे रोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडते. वेळ जुळवायला लंबक थोडा आखूड करावा लागला. लंबक सगळीकडे सारखाच झुलतो, असे त्या वेळी अनेक जण धरून चालले होते. रिशेने आकडे जुळवून वही सही करून घेतली असती, तर त्याला कोण विचारणार होते? पण त्याने दिसले ते लिहिले. उष्ण हवेमुळे लंबक लांबला असेल, अशी शंका निघाली. ती रास्तच होती. न्यूटनने आपल्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथात तिचा विचार केला आणि दाखवले, की एवढा फरक नुसत्या उष्णतेने पडणार नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ती विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि तिथे गुरुत्व कमी भासते. अडीच मिनिटांच्या 'चुकी'ने पृथ्वीच्या आकाराकडे बोट दाखवले!

मग त्या मुलीचे ९६८ हेही असेच काही शोध होते का? नाही. तसे म्हणणे म्हणजे दुसरी चूक. वीस आंदोलनांच्या चाळीस सेकंदांत हाताने बटण दाबताना ०.२ सेकंद इकडेतिकडे झाले, तरी उत्तरात दहाचा फरक पडतो. शिवाय लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. तिने बहुधा नुसता दोराच मोजला असावा. गोळ्याची त्रिज्या सुमारे एक सेंटीमीटर. शंभरात एकाची चूक, म्हणजे पुन्हा उत्तर जवळजवळ दहाने कमी! मी "चुकलंय" म्हणण्याऐवजी "हे कशावरून आलं, बघूया" एवढे म्हटले असते, तर दोघांनाही ते सापडले असते.

म्हणून मी तत्त्वज्ञान मागतो आहे. फ्रान्समध्ये शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी तत्त्वज्ञान शिकतात आणि त्याची चार तासांची लेखी परीक्षा देतात. आपल्याकडे आणखी एक परीक्षा वाढवा, असे मी म्हणणार नाही. परीक्षा आली, की लोक त्याचेही गाइड काढतील आणि तुम्ही तत्त्वज्ञांची नावे पाठ कराल. मला हवे आहे ते प्रत्येक तासाला विचारायचे तीन प्रश्न: हे कशावरून? यात आपण न सांगता काय धरून चाललो आहोत? आणि काय दिसले, तर आपण आपले मत बदलू?

काही शिक्षक म्हणतील, असे प्रश्न विचारत बसले तर अभ्यासक्रम कधी संपायचा? अडचण खरी आहे, मीही त्यातलाच. पण १९७६ सालच्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टी आणि चौकसपणा वाढवणे हे नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत घातले. हे कर्तव्य जुळवलेल्या जर्नलातून कसे पुरे होणार?

दुसरा आक्षेप असा, की मुले कशावरच विश्वास ठेवणार नाहीत. तसे नाही. सगळे काही स्वतः मोजायला कोणालाच आयुष्य पुरत नाही. मीही केयेनला गेलेलो नाही; रिशेचे मी 'शब्द' म्हणूनच मानतो. पण कोणाचा शब्द मानावा आणि का, हे ठरवता आले पाहिजे. मोबाइलवर रोज येणाऱ्या निरोपांच्या गर्दीत तर याची फारच गरज आहे.

तुमच्या घरी एक दोरा आणि एक जड नट असेल. दोरा बांधण्याच्या जागेपासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर ठेवा आणि वीस आंदोलने मोजा. चाळीस सेकंदांच्या आसपास वेळ लागेल. जो आकडा येईल तो, जसा येईल तसा, वहीत लिहा. वेगळा आला तर खोडू नका. शेजारी लिहा, 'हे कशावरून?' आणि सरांकडे जा.

सर घाईत असतील, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. त्या मुलीला मी परत बोलवायला हवे होते. तुम्ही मात्र विचारणे सोडू नका.