धावण्याच्या घड्याळाचा हिशेब



या खेपेला कामठीच्या एका भगिनीचं पत्र उत्तरासाठी घेते आहे. वय बेचाळीस, घरात सासूबाई, दोन शाळकरी मुलं. गेल्या दिवाळीपासून त्या पहाटे कॅन्टोन्मेंटच्या रस्त्यानं अर्धा तास थोडं चालत, थोडं पळत जातात. अमेरिकेतल्या नणंदेनं आपलं जीपीएसचं घड्याळ त्यांना दिलं, आणि तिथून सगळं बिनसलं. घड्याळात ‘पेस’ म्हणून १३:४० असा आकडा येतो. पेपरात तर नवशिक्यांचाही पेस आठ-नऊ असतो असं छापून येतं. घरात थट्टा सुरू झाली. आकडा खाली यावा म्हणून मे महिन्यात त्या जीव तोडून पळाल्या आणि एक दिवस चक्कर येऊन रस्त्याच्या कडेला बसल्या. महिना झाला, घड्याळ कपाटात आहे आणि पळणंही बंद आहे.

ताई, आधी एक काम करा. घड्याळ कपाटातून काढा आणि अंतराच्या आकड्यापुढची अक्षरं बघा. ‘केएम’ असेल तर किलोमीटर, ‘एमआय’ असेल तर मैल. घड्याळ अमेरिकेतून आलंय, म्हणजे बहुतेक मैलच निघतील! एक मैल म्हणजे जवळजवळ १.६१ किलोमीटर. मैलाला १३ मिनिटं ४० सेकंद म्हणजे किलोमीटरला साडेआठ मिनिटं. पेपरातल्या नवशिक्यांत तुम्ही आरामात बसता. सेटिंगमध्ये ‘युनिट्स’ नावाखाली ‘मेट्रिक’ निवडा, की घड्याळ किलोमीटरचा हिशेब सांगू लागेल.

पण हा प्रश्न एकट्या पत्रलेखिकेचा नाही. मुलानं वाढदिवसाला दिलं, भावानं भाऊबीजेला घातलं, म्हणून हे घड्याळ आता पुष्कळ जणींच्या मनगटावर आलंय. त्यातला हा आकडा वाचायचा कसा, ते एकदा नीट समजून घेऊ या.

पेस म्हणजे काय?

पेस म्हणजे एक किलोमीटर जायला लागणारा वेळ. स्कूटरच्या काट्याच्या हा अगदी उलट. तिथे आकडा वाढला की वेग वाढला, इथे आकडा कमी झाला की वेग वाढला. १२:०० म्हणजे ताशी ५ किलोमीटर, चांगलं झपझप चालणं. १०:०० म्हणजे ताशी ६, ७:३० म्हणजे ताशी ८.

दुसरी गोष्ट, दोन टिंबांच्या उजवीकडे सेकंद असतात आणि ते साठच्या हिशेबानं चालतात. ५ किलोमीटरला ४२ मिनिटं लागली, तर भागाकार ८.४ येतो. पण घड्याळात तो ८:४० दिसणार नाही, ८:२४ दिसेल. रुपये-पैशांच्या सवयीनं इथे पुष्कळ जणी फसतात.

तुलनेसाठी एक मोठं उदाहरण सांगते. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्यपदक मिळवलं. त्यांना ३३ मिनिटं ५ सेकंद लागली. म्हणजे किलोमीटरला अवघी ३ मिनिटं १८-१९ सेकंद, आणि तीही सलग दहा किलोमीटर! आकडा वाचता यायला लागला, की अशा बातमीतली करामतसुद्धा कळते.

कोणता आकडा खरा मानायचा?

घड्याळात तीन प्रकारचे पेस दिसू शकतात. एक ‘आत्ताचा’, म्हणजे या घटकेचा. दुसरा ‘लॅप’चा, म्हणजे चालू किलोमीटरचा. तिसरा ‘सरासरी’, म्हणजे निघाल्यापासूनचा. आपण बहुतेक जणी आत्ताचा बघतो, आणि नेमका तोच सर्वांत चंचल असतो. भाजीवाल्याच्या तराजूचा काटा डोलत असताना वजन वाचण्यासारखं आहे ते.

असं का होतं ते बघा. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रह संदेश पाठवत असतात. तो संदेश पोचायला किती वेळ लागला, त्यावरून घड्याळ आपलं अंतर काढतं. जागा ठरवायला निदान चार उपग्रह दिसावे लागतात. तरीही उत्तर काही मीटर इकडेतिकडे होतंच. आता समजा, तुम्ही आठच्या पेसनं पळताय. दहा सेकंदांत तुम्ही साधारण २१ मीटर जाता. घड्याळानं त्यात चार मीटर जास्त धरले तर आकडा ६:४० दाखवील, चार कमी धरले तर ९:४८! तुमची पावलं मात्र तीच. तेच चार मीटर पूर्ण किलोमीटरमध्ये चुकले, तर फरक फक्त दोन सेकंदांचा पडतो. म्हणून लॅपचा आकडा बघावा आणि आत्ताच्या आकड्यामागे धावू नये.

दाट झाडी, उंच इमारती, पूल यांच्याजवळ ही चूक वाढते. कॅन्टोन्मेंटच्या झाडांखाली आकडा थोडा नाचला तर नवल नाही. नागपुरात कामठी रोडवर ऑक्टोबर २०२४ मध्ये जो दुमजली उड्डाणपूल खुला झाला, त्याच्या खालून कोणी गेली तर घड्याळाला आभाळच दिसत नाही. तिथले आकडे मनावर घेऊच नका. अंतराची खात्री करायची असेल, तर आखलेल्या मैदानाच्या सर्वांत आतल्या पट्टीत एक फेरी मारा. ती ४०० मीटरची असते. आठच्या पेसनं तिला ३ मिनिटं १२ सेकंद लागतात.

ऊन आणि अंगातलं रक्त

आता पत्रातल्या चक्कर येण्याकडे वळते, कारण मला काळजी तिचीच वाटते. उन्हाळ्यात अंग थंड ठेवायला शरीर पुष्कळ रक्त कातडीकडे पाठवतं. पायांच्या वाट्याला कमी येतं, हृदयाला जास्त राबावं लागतं. म्हणून जानेवारीतला ८:३० आणि मेमधला ८:३० यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आपल्या विदर्भात नवतपात पहाटेसुद्धा हवा तापलेली असते. अशा दिवसांत आकडा नऊवर, साडेनऊवर गेला तर जाऊ द्यावा. त्यात कमीपणा मुळीच नाही. पळताना शेजारणीशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, हे माप घड्याळाहून भरवशाचं. बोलता येत नसेल तर चालायला लागा. चक्कर, मळमळ किंवा छातीत दुखणं असेल तर थांबा, सावलीत बसा, कुणाला तरी हाक मारा. छातीतलं दुखणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

आणि याच आकड्याचा एक मोठा उपयोगही आहे. तोच रस्ता, तीच वेळ, हवाही बरी, तरीही तीन-चार आठवडे पेस मंदावतच चाललाय आणि दम लागतोय, असं झालं तर स्वतःला आळशी म्हणू नका. हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यायलाच हवा. सर्वांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाणारी बाई थकते, आणि घरात कुणाच्या ते लक्षातही येत नाही. वहीतले आकडे ते दाखवून देतात. पत्रलेखिकेनंही पुन्हा पळायला लागण्याआधी ही तपासणी करून घ्यावी, असं मी आग्रहानं सांगेन.

लक्षात ठेवण्याजोगं

१. निघण्याआधी मोकळ्या अंगणात किंवा गच्चीवर उभं राहून घड्याळाला उपग्रह सापडू द्या. सापडले की ते खूण दाखवतं. जिन्यातूनच बटण दाबलं तर पहिला किलोमीटर हमखास चुकतो.

२. पडद्यावर लॅपचा पेस आणि एकूण वेळ, एवढंच ठेवा. बाकीचे आकडे घरी येऊन बघावेत.

३. पहिल्या किलोमीटरवरून काही ठरवू नका. तवा तापेपर्यंत पहिली पोळी वेळ घेतेच.

४. ‘ऑटो पॉज’ चालू असेल तर रस्ता ओलांडताना थांबलेला वेळ घड्याळ धरत नाही आणि पेस चांगला दिसतो. ते चालू ठेवा किंवा बंद, पण दर वेळी एकसारखं असू द्या. नाहीतर कालच्या आकड्याशी आजचा जुळणार नाही.

५. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर तारीख, अंतर, पेस आणि एक शब्द लिहा : ‘ऊन’, ‘पाळी’, ‘झोप कमी’, ‘छान’. दोन महिन्यांनी ते पान वाचा. आकडा का वर-खाली झाला, त्याचं उत्तर बहुतेक वेळा त्या एका शब्दात सापडतं.

६. आपला आकडा आपल्याच मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून बघावा. कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या किंवा यजमानांच्या आकड्याशी नको. त्यांनी पहाटे उठून डबे भरून ठेवलेले नसतात.

आणि घरात पुन्हा थट्टा झालीच, तर थट्टा करणाऱ्याला एक दिवस पहाटे साडेपाचला सोबत घेऊन जा. घड्याळ त्याच्या मनगटावर बांधा, आणि तुम्ही आपल्या नेहमीच्या चालीनं पळत राहा.