बुलेट गनच्या सफाईची मजुरी

छत्रपती संभाजीनगरजवळ, जालना रस्त्यावर शेंद्रा आणि पैठण रस्त्यावर बिडकीन मिळून ‘ऑरिक’ या औद्योगिक नगरीची सुमारे दहा हजार एकर जमीन आहे. टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ रोजी इथल्या कारखान्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. त्याआधी आणि त्यानंतर इतरही उद्योग आले. शहरात बांधकामाचा हा जोर आणखी काही वर्षे राहणार. लोखंडी सांगाडा उभा राहून स्लॅब ओतला गेला, की सीलिंगवाले, केबल ट्रेवाले, एसीच्या डक्टवाले आत शिरतात. त्यांच्या कामातल्या एका हत्याराबद्दल हे स्फुट आहे. ते हत्यार म्हणजे बुलेट गन.

खिळा ठोकायला तिला वीज लागत नाही, हवेचा पाइप लागत नाही. आत दारूचे छोटे काडतूस असते. तोंड स्लॅबवर घट्ट दाबून घोडा ओढला की काडतूस फुटते, त्याचा वायू पिस्टनला ढकलतो आणि पिस्टन खिळ्याला काँक्रीटमध्ये घालतो. आंतरराष्ट्रीय वाहतूक-नियमांत या काडतुसाची नोंद स्फोटकांच्याच वर्गात आहे. ड्रिलने भोक पाडून फास्टनर बसवायला जितका वेळ जातो, तेवढ्यात इथे कितीतरी खिळे बसतात. म्हणूनच ठेकेदाराला ती हवी असते, आणि त्यात काही गैर नाही. तोंड दाबल्याशिवाय ती उडत नाही, ही तिची मोठी सुरक्षा. साइटवर सगळ्यांचा भरवसा याच गोष्टीवर असतो.

पण हा भरवसा गन स्वच्छ असेल तरच खरा. प्रत्येक बारानिशी जळलेल्या दारूची काजळी आत बसते. काँक्रीटची धूळ तिला चिकटते. सफाई झाली नाही तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, खिळा अर्धा बाहेर राहतो. मग कामगार काय करतो? जास्त ताकदीचे काडतूस घालतो. दोष काजळीचा असतो आणि इलाज बारुदाचा होतो. त्याहून वाईट म्हणजे दाबलेले तोंड उचलल्यावर परत बाहेर न येता आतच अडकते. अशी गन भरलेली असेल तर ती भिंतीवर टेकलेली नसतानाही उडू शकते. ज्या सुरक्षेवर सगळ्यांनी विसंबायचे, तीच काजळीने निकामी केलेली असते. या गनच्या बाबतीत देखभाल आणि सुरक्षा ही दोन वेगळी खाती नाहीत. रोज काम सुरू करण्याआधी रिकामी गन कठीण जागी दाबून पाहायची, तोंड सहज आत जाते का आणि सोडल्यावर झटकन बाहेर येते का हे बघायचे. संध्याकाळी ती रिकामी असल्याची खात्री करून उघडायची, तारेच्या ब्रशने पिस्टन आणि नळी घासायची, टोक झिजलेला किंवा वाकलेला पिस्टन बदलायचा. हे अर्ध्या तासाचे काम आहे.

दुसरा प्रश्न न उडालेल्या काडतुसाचा. घोडा ओढला आणि आवाज आला नाही, की माणूस सहज गन उचलतो आणि तोंडात डोकावतो. काडतूस उशिरा फुटू शकते हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. अमेरिकेतील ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा यंत्रणेचा नियम असा आहे : गन तशीच दाबून किमान ३० सेकंद धरा, पुन्हा एकदा घोडा ओढा, नाही उडाली तर आणखी ३० सेकंद धरा, आणि मगच उत्पादकाने सांगितलेल्या रीतीने काडतूस काढा. काढलेले काडतूस राडारोड्यात फेकायचे नाही, पाण्याच्या डब्यात टाकायचे. शिडीवर उभे राहून, हात डोक्यावर धरून ३० सेकंद म्हणजे बराच वेळ आहे. तरीही तो द्यावाच लागतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. इथली खडी बेसाल्टची, म्हणजे आपल्या काळ्या दगडाची. स्लॅबमध्ये खिळा कठीण खडीवर आदळला तर तो आत न जाता वळतो, कधी उलटा फिरून बाहेर येतो, सोबत काँक्रीटची कपची उडवतो. गॉगल त्यासाठीच आहे; डोक्यावर सरकवून ठेवलेला गॉगल डोळा वाचवत नाही. जुन्या शहरात दगडी भिंतींवर पाट्या आणि केबली लावण्यासाठी तर ही गन मुळीच वापरू नये. अखंड दगड, ओतीव लोखंड, काच, ग्लेझ्ड टाइल यांत हे खिळे मारायला मनाई आहे. पोकळ ब्लॉक आणि जिप्समच्या पार्टिशनचा धोका याच्या उलट : खिळा आरपार जातो आणि पलीकडच्या खोलीत काम करणाऱ्याला लागतो. काँक्रीटच्या कडेपासून तीन इंच अंतर सोडायचे, हेही कुणीतरी प्रत्यक्ष दाखवून द्यायला हवे.

एवढी गरजेची असूनही रोजची सफाई का होत नाही, याचे उत्तर आमच्या मते दरात आहे. सीलिंगचे मोजमाप चौरस फुटावर, वायरिंगचे पॉइंटवर. सफाईच्या अर्ध्या तासात एक फूटही भरत नाही, एक पॉइंटही वाढत नाही. तो अर्धा तास कामगाराच्या खिशातून जातो. असे असताना त्याला बेफिकीर म्हणणे अन्यायाचे आहे.

म्हणून मागणी कामगाराकडे नाही, काम देणाऱ्याकडे आहे. ऑरिक, वाळूज, चिकलठाण्यातल्या कंपन्यांनी वर्क ऑर्डरमध्येच बुलेट गनच्या रोजच्या सफाईचा वेळ मजुरीसह स्वतंत्र ओळीत लिहावा, आणि ती ओळ ठेकेदाराने खाली उपठेकेदारापर्यंत तशीच पोहोचवावी. गन चालवणाऱ्याला हिंदीत किंवा मराठीत, हातात गन देऊन शिकवावे आणि त्याच्या नावाचे कार्ड करावे; कार्ड नसलेल्याच्या हाती काडतुसांचा डबा जाऊ नये. डबा कुलपात राहावा, सकाळी किती दिली, संध्याकाळी किती परत आली आणि किती उडाली नाहीत हे वहीत लिहिले जावे. गन भाड्याने देणाऱ्या दुकानदारानेही ती मागच्या साइटच्या काजळीसकट पुढच्याला देऊ नये. उडण्याची चाचणी घेऊन नव्हे, उघडून साफ केलेली दाखवून ती हाती द्यावी.