झोपेत असताना पळून जाणारे बाबा

गेल्या वर्षी तीन महिने ऑनसाइट जावं लागलं. लेक तेव्हा अडीच वर्षांची. विमान मध्यरात्रीनंतरचं, मुंबईहून; म्हणजे पुण्यातून दुपारीच निघायचं. आई म्हणाली, "मी तिला आत निजवते, तू गुपचूप नीघ. उगाच रडून गोंधळ घालेल." मी गुणी मुलासारखं ऐकलं. बूटसुद्धा बाहेर जिन्यात जाऊन घातले!

मग रोज व्हिडिओ कॉलवर तेच, "शहाणी आहे हो, एकदाही रडली नाही." मीही टीममध्ये कौतुकाने सांगत फिरायचो. परत आलो तर बाईसाहेब आजीच्या मागे. चॉकलेट घेतलं, पण कडेवर काही येईना. "बाबाला विसरली वाटतं!" म्हणून सगळे हसले. मीपण हसलो. (काय करणार?)

पण त्यानंतर दुपारी झोपायलाच तयार नाही. डोळे मिटताहेत, तरी माझा शर्ट घट्ट धरून बसलेली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. झोपलं की बाबा नाहीसा होतो, हे तिला मीच शिकवलं होतं.

१९५२ साली जेम्स रॉबर्टसनने लंडनमध्ये लॉरा नावाच्या साधारण अडीच वर्षांच्या मुलीवर फिल्म केली. ऑपरेशनसाठी आठ दिवस हॉस्पिटलात, आई फक्त अधूनमधून भेटायला. लॉरा फारशी रडत नाही. वॉर्डात अशीच पोरं 'शहाणी' ठरत. आणि घरी जायच्या दिवशी ही शहाणी मुलगी आईचा हात धरायला नकार देते. डॉक्टर मंडळी फिल्म बघून भडकली होती. तरी १९५९ मध्ये प्लॅट समितीने सांगितलंच, आईबापांना वॉर्डात मोकळेपणाने येऊ द्या.

आणि आपण अजून तिथेच. "मुलांना काय कळतंय", "दोन दिवसांत रुळतात", "आमचे वडील नाही का बदलीवर असायचे?" अहो असायचे, पण म्हणून काय ते चांगलं होतं? रडणारं मूल आपल्याला नको असतं, कारण ते बघवत नाही. सोय आपली, आणि नाव मुलाच्या शहाणपणाचं!

ऑनसाइट जाऊच नका असं म्हणत नाहीये मी. हप्ते मलाही आहेत. आजीआजोबा जवळ असणं ही तर मोठीच गोष्ट. रॉबर्टसन पतिपत्नींनी पुढे, आई बाळंतपणाला गेलेली चार मुलं एकेक करून स्वतःच्या घरी सांभाळली, आणि ती मुलं लॉरापेक्षा खूप बरी राहिली. पण तिथे आईचा विषय टाळत नसत, उलट तिच्याबद्दल बोलत. आमच्याकडे तीन महिने 'बाबा' शब्दच बंद होता, आठवण नको म्हणून!

पुढच्या महिन्यात पुन्हा पंधरा दिवस जायचंय. आई आत्तापासूनच म्हणतेय, झोपली की नीघ. मी मात्र बॅग तिच्यासमोरच भरणार आहे. आणि ती रडायला लागली तर कोणी "शहाणी ना तू?" म्हणायचं नाही, हे घरात सांगून ठेवलंय. आई चिडलीये. असो.